बारा शनिवारांचा मोसम

अमेरिकेतील विद्यापीठांचा फुटबॉल मोसम ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतो आणि नोव्हेंबर संपता संपता आटोपतो. तेवढ्या काळात प्रत्येक संघाच्या वाट्याला बारा सामने येतात, तेही बहुतेक शनिवारी. २००६ पासून बारा सामन्यांची ही चौकट रूढ आहे. बारापैकी सहा जिंकले की संघ मोसमानंतरच्या ‘बाउल’ सामन्याला पात्र ठरतो. पाचच जिंकले तर बहुधा वर्ष तिथेच संपते. बाउलसोबत मिळणारा डिसेंबरचा जादा सराव, दूरचित्रवाणीवरची आणखी एक संध्याकाळ, माजी विद्यार्थ्यांचा टिकून राहिलेला उत्साह, हे सारे त्या सहाव्या विजयावर अवलंबून असते. म्हणून बारा सामने कोणाशी, कुठे आणि कोणत्या क्रमाने होणार, हा प्रश्न धडपडणाऱ्या संघाला फार जाचतो. वेळापत्रक अवघड असले तर बलाढ्य संघ एखादा सामना जास्त हरतो. धडपडणाऱ्या संघाचे मात्र अख्खे वर्ष हातचे जाते, कधी प्रशिक्षकाची नोकरी जाते, आणि पुढच्या दोन वर्षांच्या खेळाडूभरतीलाही त्याची झळ लागते.

हा फुटबॉल भारतात खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलपेक्षा अगदी निराळा. अकरा-अकरा गडी, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकण्याची झुंज आणि प्रत्येक प्रयत्नात अंगाला अंग भिडवून होणारी टक्कर, असे त्याचे स्वरूप. पुढच्या फळीतले गडी सव्वाशे-दीडशे किलोचे असतात. आक्रमण करणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे, चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारे आणखी वेगळे. त्यामुळे एका संघात शंभराच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त खेळाडू असतात. २०२५ पर्यंत त्यांतल्या जास्तीत जास्त ८५ जणांनाच शिष्यवृत्ती देता येत असे. बड्या विद्यापीठात शिष्यवृत्तीवरचे खेळाडू बहुतेक सगळे तयारीचे असतात. दुबळ्या विद्यापीठात पहिले वीस-बावीस बरे असतात आणि त्यांच्यामागे उभे असलेले बरेच उणे असतात. अवघड वेळापत्रक घाव घालते ते नेमके या तफावतीवर.

वेळापत्रक ठरवणे संघाच्या हाती फारसे नसते. विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली आहेत आणि आठ-नऊ सामने गटातल्याच संघांशी खेळावे लागतात. रणजी करंडकात दुबळ्या संघांसाठी प्लेट गट असतो आणि तिथून जिंकून वर चढता येते. कॉलेज फुटबॉलच्या गटांत अशी चढ-उतार नाही. हे गट भूगोल, जुने संबंध आणि दूरचित्रवाणीचे करार यांतून बनलेले आहेत. एखादे विद्यापीठ खेळात कितीही मागे पडले तरी ते दरवर्षी त्याच मातब्बरांसमोर उभे राहते. नॅशव्हिलचे व्हँडरबिल्ट विद्यापीठ हे याचे जुने उदाहरण. १९३२ साली साउथईस्टर्न कॉन्फरन्स स्थापन झाली तेव्हापासून ते या गटाचे सदस्य आहे, अभ्यासात त्याचा मोठा लौकिक आहे, आणि अलाबामा, जॉर्जिया, टेनेसी यांच्या सहवासात त्याला फुटबॉलमधले गटविजेतेपद एकदाही मिळालेले नाही.

उरलेले तीन-चार सामने विद्यापीठ स्वतः ठरवते, पण त्यांचे करार कित्येक वर्षे आधी होतात. संघ जोरात असताना क्रीडासंचालक मोठ्या उमेदीने एखाद्या नामांकित प्रतिस्पर्ध्याशी करार करतो. सामन्याचा दिवस उजाडेपर्यंत संघ घसरलेला असतो, प्रशिक्षक बदललेला असतो, कधी क्रीडासंचालकही दुसरीकडे गेलेला असतो. करार मात्र कायम राहतो. तो मोडायचा तर भरपाई द्यावी लागते. उलटही घडते. कागदावर भयंकर वाटणारा प्रतिस्पर्धी प्रत्यक्षात त्या वर्षी अगदी ढासळलेला निघतो. म्हणजे वेळापत्रक खरोखर किती अवघड होते, हे मोसम संपल्यावरच नीट कळते.

ते मोजण्याच्या रीतीही त्यामुळे मागाहून मोजणाऱ्याच आहेत. १९९८ ते २०१३ या काळात राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी ‘बीसीएस’ नावाची पद्धत होती. तिच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या सूत्रात प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयांना दोन-तृतीयांश आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या जय-पराजयांना एक-तृतीयांश वजन दिलेले होते. आता संगणकावर चालणारी अधिक बारकाईची सूत्रे आहेत. एखाद्या सर्वसाधारण चांगल्या संघाने हेच बारा सामने खेळले असते तर त्याची काय गत झाली असती, असा हिशेब त्यांतली काही सूत्रे करतात. या सगळ्या आकड्यांत एक मोठी उणीव राहते. ते सरासरी सांगतात, क्रम सांगत नाहीत. तीन बलाढ्य संघ सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे विखुरलेले असणे आणि तेच तीन संघ लागोपाठच्या शनिवारी येणे, यांत सरासरी तीच राहते, पण मैदानावर उतरणाऱ्या मुलांसाठी ती दोन वेगळी वर्षे असतात. मधल्या सुट्टीच्या आठवड्याचेही तसेच. तो आठवडा दोन कठीण सामन्यांच्या मध्ये आला तर दुखापती भरून निघतात. मोसमाच्या तोंडाशीच आला तर जवळजवळ वाया जातो.

२०२४ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघावर जे गुदरले, त्यात या विषयाची जवळपास प्रत्येक बाजू दिसते. गेन्सव्हिलचा हा संघ तसा मोठ्या घराण्यातला. १९९६, २००६ आणि २००८ मध्ये त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आहे. पण २०२३ मध्ये तो शेवटचे पाचही सामने हरला आणि ५ विजय, ७ पराभवांवर थांबला, म्हणजे बाउलची रेषा एका विजयाने हुकली. प्रशिक्षक बिली नेपियर यांचे ते दुसरे वर्ष. पहिल्या वर्षीही ६ विजय आणि ७ पराभव अशीच कामगिरी होती. तशात २०२४ चे वेळापत्रक देशातल्या सर्वांत अवघड वेळापत्रकांपैकी एक म्हणून मोसमाआधीच गाजत होते. गटाबाहेरचे सामने मायामी, सेंट्रल फ्लोरिडा आणि फ्लोरिडा स्टेट या राज्यातल्याच तीन प्रतिस्पर्ध्यांशी. गटातले मोठे सामने टेक्सास ए अँड एम, टेनेसी, जॉर्जिया, टेक्सास, लुइझियाना स्टेट आणि ओल मिस यांच्याशी. निर्धास्तपणे खेळावा असा सामना एकच होता, सॅमफर्ड या लहान विद्यापीठाशी.

३१ ऑगस्टला घरच्या मैदानावर मायामीने ४१–१७ असा धुव्वा उडवला. मायामीचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाताळणारा खेळाडू, कॅम वॉर्ड पुढच्या वर्षी व्यावसायिक लीगच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने निवडला गेला. त्या दिवशी प्रेक्षागृहात बसलेल्यांना ते पुढचे ठाऊक नव्हते. त्यांनी पाहिले ते एवढेच, की नेपियर यांच्या तिसऱ्या वर्षाची सुरुवातही पराभवाने झाली. दोन आठवड्यांनी टेक्सास ए अँड एमने पुन्हा गेन्सव्हिलमध्येच ३३–२० असे हरवले आणि प्रशिक्षकाला काढा, ही मागणी उघड होऊ लागली. सप्टेंबरचा मध्य, नऊ सामने बाकी, आणि संघाविषयीचा निकाल लोकांनी देऊन टाकलेला. अवघड सामने मोसमाच्या तोंडाशी असले की हे हमखास होते. संघाची खरी कुवत अजून उघड व्हायची असते, पण त्याच्याविषयीचे मत पक्के होते, आणि पुढचा प्रत्येक आठवडा त्या मताच्या सावलीत घालवावा लागतो.

मिसिसिपी स्टेट आणि सेंट्रल फ्लोरिडा यांना हरवून संघ थोडा सावरला. १२ ऑक्टोबरला टेनेसीच्या मैदानावर सामना ओव्हरटाइमपर्यंत गेला आणि फ्लोरिडा २३–१७ असा हरला. पण त्या संध्याकाळचे खरे नुकसान धावफलकावर नव्हते. अनुभवी क्वार्टरबॅक ग्रॅहम मर्ट्झ याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याचा मोसम संपला. त्याची जागा पहिल्याच वर्षात शिकणाऱ्या डी. जे. लॅगवे याने घेतली. त्याच्यासह संघाने केंटकीला ४८–२० असे हरवले. २ नोव्हेंबरला जॅक्सनव्हिलमध्ये जॉर्जियाविरुद्ध मध्यंतराला फ्लोरिडा १३–६ असा पुढे होता, मात्र तोवर लॅगवेही मांडीमागचा स्नायू दुखावून बाहेर पडला होता. चौथ्या सत्रात २०–२० अशी बरोबरी झाली आणि अखेर जॉर्जियाने ३४–२० असा सामना नेला. पुढच्या शनिवारी टेक्सासच्या मैदानावर क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला एडन वॉर्नर. येल विद्यापीठातून आलेला, शिष्यवृत्तीविना संघात असलेला तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू. निकाल ४९–१७.

या चार आठवड्यांत जे दिसले ते केवळ दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. दुखापत कोणत्याही सामन्यात होते, सोप्याही. पण जॉर्जिया आणि टेक्सास यांच्यासारखे प्रतिस्पर्धी लागोपाठ असले की बऱ्या होत आलेल्या खेळाडूला आणखी एक आठवडा बसवून ठेवण्याची सोय उरत नाही, आणि नाइलाजाने पुढे आलेल्या तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूची गाठ थेट देशातल्या उत्तम बचावफळीशी पडते. हाच वॉर्नर एखाद्या लहान विद्यापीठाविरुद्ध पहिल्यांदा उभा राहिला असता तर त्याला शिकण्यापुरता अवकाश मिळाला असता.

टेक्सासच्या सामन्याच्या दोन दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, क्रीडासंचालक स्कॉट स्ट्रिकलिन यांनी नेपियरच प्रशिक्षक राहतील असे जाहीर केले होते. मग वेळापत्रकाने दुसरे रूप दाखवले. लॅगवे परतला आणि फ्लोरिडाने लुइझियाना स्टेटला २७–१६, ओल मिसला २४–१७ आणि फ्लोरिडा स्टेटला ३१–११ असे हरवले. यातला शेवटचा सामना मोसमाआधी सगळ्यांनी अवघड सामन्यांत धरला होता. २०२३ मध्ये नियमित मोसमात अजिंक्य राहिलेला फ्लोरिडा स्टेटचा संघ २०२४ मध्ये २ विजय आणि १० पराभवांवर कोसळला होता. डिसेंबरमध्ये टँपाच्या गॅस्परिला बाउलमध्ये टुलेनवर ३३–८ असा विजय मिळाला आणि वर्ष ८ विजय, ५ पराभव असे संपले. ज्या पाच संघांनी फ्लोरिडाला हरवले त्यांची त्या वर्षीची एकत्रित कामगिरी ५२ विजय आणि १७ पराभव अशी होती. जॉर्जिया गटविजेता झाला. जॉर्जिया, टेक्सास आणि टेनेसी हे तिघे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांच्या बाद फेरीत पोचले. स्वतःपेक्षा दुबळ्या संघाकडून फ्लोरिडा त्या वर्षी एकदाही हरला नाही. ऑक्टोबरमध्ये हे कोणी सांगितले असते तर ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फार थोडे लोक होते.

दुखापत आणि दमणूक यांचा हिशेब जरा खोलात जाऊन पाहावा लागतो, कारण प्रेक्षकाला तो दिसत नाही. दुबळ्या संघाचे आक्रमण तीन प्रयत्नांत अडले की चेंडू लाथ मारून दूर पाठवावा लागतो आणि बचावफळी दम खाण्याआधीच पुन्हा मैदानात येते. बलाढ्य संघ पुढच्या फळीत आठ-नऊ गडी आलटून पालटून वापरतो. दुबळ्या संघाकडे तेवढ्या तोलाचे चार-पाचच असतात. तिसऱ्या सत्रापर्यंत झुंज दिसते आणि चौथ्या सत्रात बांध फुटतो, ही धडपडणाऱ्या संघांची नेहमीची कहाणी. तिचे कारण पुष्कळदा जिद्दीपेक्षा पायांतल्या त्राणात असते. पिछाडीवर पडलेल्या संघाला वेळ वाचवण्यासाठी चेंडू हवेतून फेकावा लागतो. प्रतिस्पर्ध्याला ते आधीच कळलेले असते, म्हणून तो क्वार्टरबॅकवर तुटून पडतो. अशा प्रकारे एका सामन्यातली पिछाडी पुढच्या सामन्यातली दुखापत होऊन उभी राहते.

शनिवारची टक्कर अंगातून जायला मंगळवार-बुधवार उजाडतो, आणि जोरकस सराव करायचा तो नेमका त्याच दिवसांत. नियमानुसार मोसमात खेळाडूंकडून आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त वेळ सक्तीने घेता येत नाही. शेवटी ते विद्यार्थी आहेत. बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर असला की हे वीस तास त्याच्या डावपेचांचा अभ्यास करण्यात जातात. धडपडणाऱ्या संघाला खरी गरज असते ती मूळ गोष्टी घोटून घेण्याची: अडवताना पाय कुठे ठेवायचा, धरपकड करताना खांदा कसा लावायचा, चेंडू हातून कसा सुटू द्यायचा नाही. अवघड वेळापत्रक हा वेळ खाऊन टाकते. ज्याला सरावाची गरज सर्वांत जास्त त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो, आणि हेच सर्वांत मोठे नुकसान आहे. पराभवांचा आकडा त्यापुढे किरकोळ ठरतो.

नवोदितांच्या बाबतीतही तसेच. २०१८ पासून खेळाडूला चार सामन्यांपर्यंत खेळूनही त्याचे खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष राखून ठेवता येते. सोप्या सामन्यांत आघाडी घेतल्यावर प्रशिक्षक या सवलतीचा फायदा घेऊन पहिल्या वर्षाच्या मुलांना मैदान दाखवतो. वेळापत्रकात सोपे सामने नसतील तर ही मुले एक तर बाकावर बसतात किंवा चाळीस गुणांनी हरत असताना मैदानात उतरतात. शिकण्यासाठी यातले काहीच चांगले नाही.

मोसम संपला तरी परिणाम संपत नाहीत. शाळेतले गुणी खेळाडू कोणत्या विद्यापीठात जाणार याच्या सह्या २०१७ पासून डिसेंबरमध्येच होऊ लागल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली हार त्या सह्यांच्या अगदी आधी येते आणि आधी शब्द दिलेली मुले दुसरीकडे वळतात. २०१८ मध्ये विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंद ठेवणारे ‘ट्रान्स्फर पोर्टल’ आले आणि २०२४ पासून विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूवर एक वर्ष बसून राहण्याची सक्तीही राहिली नाही. त्यामुळे हरणाऱ्या संघातले चांगले चार-सहा खेळाडू मोसम संपताच बाहेर पडू शकतात. आधीच तोकडी असलेली दुसरी फळी आणखी तोकडी होते, आणि पुढच्या वर्षीचे वेळापत्रक तर आधीच ठरलेले असते.

वेळापत्रकाची दुसरी, अधिक क्रूर बाजू पैशाची आहे. बडी विद्यापीठे लहान विद्यापीठांना मोठी रक्कम देऊन आपल्या मैदानावर बोलावतात. यजमानाला सोपा विजय आणि भरलेले प्रेक्षागृह मिळते, पाहुण्याला क्रीडाविभाग चालवण्यापुरते पैसे. २०१२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना स्टेट या ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठाने मोसमाचे पहिले दोन सामने असे घेतले. ओक्लाहोमा स्टेटने ८४–० असे हरवले. पुढच्या शनिवारी फ्लोरिडा स्टेटविरुद्ध ५५–० असताना वादळामुळे तिसऱ्या सत्रातच सामना थांबवावा लागला. दोन्ही मिळून विद्यापीठाला ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. अशा सामन्यांत मैदानावर मार खाणारा विद्यार्थी आणि धनादेश घेणारे विद्यापीठ यांच्यातला व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही. सव्हाना स्टेटने २०१९ मध्ये खालच्या, दुसऱ्या विभागात जाण्याचा निर्णय अमलात आणला.

क्वचित पाहुणा यजमानाला धूळ चारतो. १ सप्टेंबर २००७ रोजी ॲपलेचियन स्टेटने मिशिगनला त्याच्याच मैदानावर ३४–३२ असे हरवले; सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्दर्न इलिनॉयने नोत्र दामला १६–१४ असे. हे विजय वर्षानुवर्षे सांगितले जातात. त्यानंतरच्या सामन्यात नॉर्दर्न इलिनॉय बफलोकडून ओव्हरटाइममध्ये हरला, हे फारसे सांगितले जात नाही. एका मोठ्या शनिवारसाठी सर्वस्व ओतलेल्या लहान संघाला पुढच्या शनिवारसाठी तेवढेच बळ आणणे जड जाते.

वेळापत्रक हे संघ घडवण्याचे हत्यार म्हणून वापरता येते, हे कोणी ठामपणे दाखवले असेल तर ते कॅन्सस स्टेटच्या बिल स्नायडर यांनी. १९८८ च्या अखेरीस त्यांची नेमणूक झाली तेव्हा या विद्यापीठाचा संघ देशातला सर्वांत अपयशी संघ मानला जात होता. वरच्या विभागात ५०० पराभवांचा आकडा त्याने सर्वांत आधी गाठला होता आणि ऑक्टोबर १९८६ नंतर त्याला एकही सामना जिंकता आला नव्हता. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ने १९८९ मध्ये या अपयशावर लांबलचक लेखच छापला. हा संघ ‘बिग एट’ गटात होता. नेब्रास्का, ओक्लाहोमा आणि कोलोरॅडो हे त्याचे दरवर्षीचे प्रतिस्पर्धी. गटातले सामने बदलणे शक्य नव्हते. स्नायडर यांनी गटाबाहेरचे सामने बदलले. मोठ्या नावांऐवजी, आपला संघ जिंकू शकेल असे प्रतिस्पर्धी त्यांनी शोधले, आणि शक्य तेवढे सामने मॅनहॅटन या आपल्या गावातच ठेवले.

३० सप्टेंबर १९८९ रोजी नॉर्थ टेक्सासविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी गुण मिळवून संघ २०–१७ असा जिंकला. त्या वर्षीचा तो एकमेव विजय. १९९० मध्ये ५ विजय मिळाले, १९९१ मध्ये ७. १९९३ मध्ये ९ विजय, २ पराभव आणि १ बरोबरी अशी कामगिरी झाली आणि कॉपर बाउलमध्ये वायोमिंगला ५२–१७ असे हरवून विद्यापीठाने आपला पहिला बाउल जिंकला. तिथून सलग अकरा वर्षे हा संघ बाउल खेळला. यामागे स्नायडर यांची अफाट मेहनत, दोन वर्षांच्या महाविद्यालयांतून वेचून आणलेले खेळाडू आणि कडक शिस्त होती. केवळ सोप्या सामन्यांनी हे घडले असे म्हणणे अन्याय होईल. पण सप्टेंबरमध्ये दोन-तीन विजय पदरात असलेला संघ ऑक्टोबरमध्ये नेब्रास्कासमोर वेगळ्या आत्मविश्वासाने उभा राहतो, सहा विजयांची रेषा त्याला आवाक्यातली वाटते, दुसऱ्या फळीला खेळायला मिळते आणि दुखापती कमी राहतात. चार वर्षांत साठत गेलेला हा फायदा होता.

या धोरणाची किंमतही कॅन्सस स्टेटनेच मोजली. १९९८ मध्ये संघाने नियमित मोसमातले अकराही सामने जिंकले. १९६८ नंतर प्रथमच नेब्रास्काला नमवले आणि प्रशिक्षकांच्या क्रमवारीत पहिला क्रमांक मिळवला. गटाच्या अंतिम सामन्यात मात्र टेक्सास ए अँड एमने दोन ओव्हरटाइमनंतर ३६–३३ असे हरवले. बीसीएसच्या शेवटच्या क्रमवारीत तिसरा असूनही कोणत्याही बड्या बाउलने या संघाला बोलावले नाही. इंडियाना स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय आणि नॉर्थईस्ट लुइझियाना यांच्यावर साठ-सत्तर गुण करून मिळवलेले विजय निवड करणाऱ्यांच्या लेखी फारसे वजनाचे नव्हते. अलामो बाउलमध्ये संघ पर्ड्यूकडून ३७–३४ असा हरला. पुढे क्रमवारीत वर असलेल्या संघाला असे डावलता येऊ नये म्हणून नियमच बदलण्यात आला. सोपे वेळापत्रक उठू पाहणाऱ्या संघाला हात देते आणि शिखराजवळ पोचलेल्याचे पाय ओढते; म्हणून ते किती काळ ठेवायचे, हा प्रशिक्षकाच्या पारखीचा भाग आहे. स्नायडर यांनी २००३ मध्ये ओक्लाहोमाला ३५–७ असे हरवून गटविजेतेपद मिळवले आणि एकूण २१५ विजयांसह २०१८ मध्ये ते निवृत्त झाले.

वेळापत्रकाची सबब कुठपर्यंत चालते, हे पाहायचे तर पुन्हा फ्लोरिडाकडे यावे लागते. २०२५ चे वेळापत्रकही तितकेच खडतर होते. लुइझियाना स्टेट आणि मायामी यांच्या मैदानांवर लागोपाठच्या शनिवारी जायचे होते. पण त्याआधी, ६ सप्टेंबरला, घरच्या मैदानावर साउथ फ्लोरिडाने शेवटच्या क्षणी १८–१६ असे हरवले. हा पराभव वेळापत्रकाच्या माथी मारता येत नव्हता. पुढे टेक्सासला २९–२१ असे हरवूनही त्याची भरपाई झाली नाही. १८ ऑक्टोबरला मिसिसिपी स्टेटवर २३–२१ असा विजय मिळाला आणि दुसऱ्याच दिवशी नेपियर यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांची फ्लोरिडातली एकूण कामगिरी २२ विजय आणि २३ पराभव अशी राहिली. संघाने ते वर्ष ४ विजय आणि ८ पराभवांवर संपवले. बलाढ्यांकडून झालेल्या हारी लोक एक वर्ष समजून घेतात. जिंकायलाच हवा असा एक सामना गमावला की तेवढीही सवलत संपते.

धडपडणाऱ्या संघांच्या हाती उरलेली मोकळीक आता आणखी आक्रसते आहे. २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा आल्यानंतर साउथईस्टर्न कॉन्फरन्स सोळा संघांची झाली, ‘बिग टेन’ हा दुसरा बडा गट अठरा संघांचा. बारा संघांच्या नव्या बाद फेरीसाठी निवड करताना प्रतिस्पर्ध्यांची ताकद पाहिली जाते, त्यामुळे बड्या संघांनाच अवघड सामने हवेसे वाटू लागले आहेत, आणि गटाचे नियम सर्वांना सारखेच लागू होतात. साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये २०२६ पासून गटातले सामने आठऐवजी नऊ होणार आहेत, शिवाय गटाबाहेरचा किमान एक सामना दुसऱ्या बड्या गटातल्या संघाशी किंवा नोत्र दामशी खेळणे बंधनकारक आहे. म्हणजे या गटातल्या सर्वांत दुबळ्या संघालाही स्वतःच्या मनाने ठरवण्यासाठी बारापैकी दोनच शनिवार उरतात.